वचनं वेचणं मी सोडलं

बरीच वर्षं माझी ठाम समजूत होती, की धर्मातल्या प्रत्येक वादाचं उत्तर पवित्र शास्त्रात एखाद्या वचनात दिलेलं असतं. ते वचन शोधायचं, समोरच्यापुढे ठेवायचं, की वाद मिटला. दाखवूनही जो ऐकत नाही त्याच्या मनातच खोट आहे, असं मी धरून चालत असे. त्यासाठी एक जाड वही केली होती. बाप्तिस्मा, शब्बाथ, अन्य भाषा, पवित्र मरिया, दशांश, दागिने, शेजारच्या घरचा प्रसाद घ्यावा की नाही, अशी विषयवार पानं आणि प्रत्येक पानावर वचनांचे आकडे. शास्त्रात वाट आहे हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. पण ती वाट कशी सापडते, याबद्दलचं माझं मत पार बदललं आहे.

आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यात. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे ते खेड्यापाड्यांत पोचलं आणि आमच्या पणजोबांच्या पिढीत आमचं घर ख्रिस्ती झालं. सगळं घर मात्र नाही. भावकीतली निम्मी घरं महारवाड्यातच राहिली आणि १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर ती बौद्ध झाली. त्यामुळे आमच्याकडे लग्नकार्यात एका पंगतीला 'जय भीम' आणि दुसऱ्या पंगतीला 'जय ख्रिस्त' असतं, आणि वाढपी दोन्हीकडचे. माझे एक चुलत चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, शाळामास्तर होते. ते मला दर सुट्टीत एकच प्रश्न विचारायचे. "बाळे, तुमचा येशू एक, पुस्तक एक, मग मंडळ्या इतक्या का? आणि ज्या जातीला कंटाळून आपण सगळे बाहेर पडलो, ती तुमच्या चर्चच्या बाकांवर अजून का बसते?"

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. इतर मंडळ्या वचन नीट वाचत नाहीत, हे ते उत्तर. दुसऱ्या प्रश्नाला माझ्या वहीत पानच नव्हतं. ते का नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

लग्नानंतर मी कोपरला आले. कोपर म्हणजे दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं स्टेशन. खालून मध्य रेल्वेच्या लोकल जातात, वरच्या फलाटावरून वसई-दिवा मार्गाच्या गाड्या. आमच्या भागात ख्रिस्ती माणसं तुरळक, पण पंथ मात्र भरपूर. आमची मराठी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मंडळी आहे. केरळी लोकांची वस्ती मोठी असल्यामुळे मार्थोमा आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत. कॅथलिकांमध्ये लॅटिन विधीचे वेगळे आणि सिरो-मलबार वेगळे. या दुसऱ्यांचा तर १९८८ मध्ये 'कल्याण' हेच नाव घेऊन स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पेंटेकॉस्टल आहेत, शनिवार पाळणारे ॲडव्हेंटिस्ट आहेत, आणि भाड्याच्या गाळ्यात किंवा कुणाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थना सभांची तर मोजदादच नाही. रविवारी दुपारी दारावर टकटक झाली, तर बाहेर कोण असेल ते सांगता येत नाही. पण हातात पुस्तक एकच असतं.

माझा धाकटा भाऊ कल्याणला राहतो. नोकरी गेली तेव्हा तो फार खचला होता, आणि एका प्रार्थना सभेनं त्याला उभं केलं. दारू सुटली, घर सावरलं. ते काम देवाचं होतं असं मी मनापासून मानते. पण त्याच सभेत त्याला सांगितलं गेलं, की तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. तो विश्वास ठेवून, पाण्यात बुडून घ्यावा लागतो. त्यानं तो घेतला. मग एके दिवशी त्यानं मला विचारलं, "ताई, तू पाण्याचा बाप्तिस्मा कधी घेणार?" आणि पाठोपाठ आमच्या आईबद्दल विचारलं. आई आदल्या वर्षीच वारली होती. जन्मभर उपासना चुकली नाही, शेवटच्या आजारात 'उपासना संगीत'मधली गीतं पाठ म्हणत होती. तिचं काय, असं तो मला विचारत होता. त्याला सुद्धा ते विचारताना रडू फुटलं.

मी वही काढली. त्यानं आपलं बायबल काढलं. त्यानं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ दाखवला: कूशी अधिकारी रथातून जाताना यशया वाचतो, फिलिप्प त्याला समजावतो, वाटेत पाणी दिसतं आणि दोघं पाण्यात उतरतात. मी अध्याय १६ दाखवला: फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आणि त्याच्या घरची सगळी माणसं, एका रात्रीत. 'सगळी' म्हणजे त्यात लेकरं आलीच, असं मी म्हणाले. लेकरं होती असं कुठे लिहिलंय, असं तो म्हणाला. खरंच लिहिलेलं नाही. आणि नव्हती असंही लिहिलेलं नाही. रात्री उशिरापर्यंत आम्ही भावंडं वचनं एकमेकांवर टाकत होतो. दोघांकडेही वचन होतं, दोघंही प्रामाणिक होतो. 'ज्याला पटत नाही त्याच्या मनात खोट' हा माझा नियम त्या रात्री माझ्या सख्ख्या भावाला लागू होईना. मला त्याचं मन माहीत होतं.

माझं मत इथे डळमळलं. पण नवं मत लगेच आलं नाही. उलट काही महिने मला वाटू लागलं, की शास्त्रातून वाट निघतच नाही. ज्याला जे हवं ते त्यात सापडतं, तेव्हा एखाद्या मंडळीवर सगळं सोपवावं आणि गप्प बसावं. माझी मुलगी वसईच्या कॅथलिक घरात दिली आहे. माझ्या विहीणबाई रोझरीची माळ ओढताना इतक्या शांत असतात, की त्या दिवसांत मला त्यांचा हेवा वाटायचा. कोपरच्या वरच्या फलाटावरून गाडी पकडून मी त्यांच्याकडे जायची, तेव्हा एकदा त्यांना म्हटलंही, "तुमचं बरं आहे, फादर सांगतील ते खरं." त्या म्हणाल्या, "असं कुणी सांगितलं? आमच्याकडे पण वाचावं लागतं." आणि कपाटातून 'सुबोध बायबल' काढून माझ्या हातात दिलं. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं ते भाषांतर. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच. कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत, हे माझ्या वहीतलं एक पान होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्येच सर्व श्रद्धावंतांना शास्त्र वाचायचा आग्रह केला होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या मजल्यावरच्या वारकरी काकूंकडे ज्ञानेश्वरीचं पारायण बसलं. नेवाशाची म्हणून त्यांचा माझ्यावर जीव. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्या गावाजवळच. मी सहज विचारलं, की काकू, तुम्ही आवडत्या ओव्याच का वाचत नाही? त्या म्हणाल्या, "आवडलेलं वाचलं तर मीच मला वाचते. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं की माउली काय म्हणतात ते कळतं." ख्रिस्ती बाईनं हे वारकरी बाईकडून शिकावं यात मला कमीपणा वाटत नाही. शास्त्र जनांच्या भाषेत यावं आणि ते सलग वाचावं, ही या मातीची जुनी रीत आहे.

म्हणून मी मार्कचं शुभवर्तमान काढलं आणि एका बैठकीत, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. सोळाच अध्याय आहेत. दीड-दोन तासांत होतात. जन्मानं ख्रिस्ती असून मी हे कधी केलं नव्हतं. वचनं शेकडो पाठ, पण पुस्तक सलग कधी नाही. त्या वाचनात मला जे दिसलं त्यानं माझं मत बदललं. येशूपुढे लोक सतत वाद घेऊन येतात. उपास का करत नाही, शब्बाथ का मोडता, हात का धूत नाही, कर द्यावा की नाही, सात भाऊ मेल्यावर पुनरुत्थानात ती बायको कुणाची. आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी वादाच्या आत शिरून माणसापाशी पोचतो. शब्बाथाच्या वादात त्याला वाळलेल्या हाताचा माणूस दिसतो. नवव्या अध्यायात तर योहान तक्रार करतो, की एक जण आपल्यातला नसताना तुझ्या नावानं भुतं काढत होता, आम्ही त्याला मनाई केली. येशू म्हणतो, मनाई करू नका. ही ओळ माझ्या वहीत कुठल्याच पानावर नव्हती, कारण ती कुठल्याच वादात मला उपयोगी नव्हती.

मग मत्तय वाचला. रानातल्या परीक्षेत सैतान सुद्धा वचन दाखवतो, तेही स्तोत्रसंहितेतलं. येशू तीन वेळा शास्त्रानंच उत्तर देतो. ती तिन्ही उत्तरं 'अनुवाद' या पुस्तकाच्या एकाच भागातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, जिथे इस्राएल लोकांना रानातल्या भुकेची आणि परीक्षेची आठवण दिली आहे. म्हणजे तो वचन वेचत नव्हता. स्वतः रानात उभं राहून रानाबद्दलचा सगळा भाग तो बोलत होता. नुसतं वचन दाखवणं परीक्षकालाही जमतं, हे शास्त्रानंच मला सांगितलं.

या दिवसांत मी पंडिता रमाबाईंकडे परत गेले. आमच्या घरांत त्यांचं नाव आदरानं घेतात, पण त्यांची घालमेल कुणी सांगत नाही. ही बाई लहानपणापासून संस्कृत ग्रंथांत वाढलेली, हजारो श्लोक मुखोद्गत, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली. शास्त्रं एकमेकांशी भांडतात, हे तिला ख्रिस्ती व्हायच्या आधीच माहीत होतं. सिलचरला नवऱ्याच्या घरी तिला लूकच्या शुभवर्तमानाचं एक छोटं बंगाली पुस्तक सापडलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला तिनं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढची गोष्ट आपण गाळतो. बाप्तिस्म्यानंतर तिची शांती झाली नाही, उलट नवे वाद सुरू झाले. चर्च ऑफ इंग्लंडचेच दोन-तीन तट, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, युनिटेरियन, रोमन कॅथलिक. प्रत्येक जण तिला आपलंच खरं सांगणारा. या गोंधळानं आपण किती भांबावलो, ते तिनं १९०७ मधल्या आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. वाँटेजच्या धर्मभगिनींनी तिला सांगितलं, की मंडळी सांगते ते मान. तिनं पत्रांतून उत्तर दिलं, की शास्त्राचा अधिकार मला मान्य आहे, पण माझी विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही. त्रैक्याबद्दल तिला तेव्हा शंका होत्या. त्या तिनं लपवल्या नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरायला सुद्धा तिची हरकत होती, तिला ती संस्कृतात हवी होती.

आणि मग तिनं जे केलं ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. कुठला पंथ खरा, यावर तिनं पुस्तक लिहिलं नाही. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या बायामुलींना केडगावला आणलं, मुक्तिसदन उभं केलं. आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायांना वाचता यावं असं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच मुलींच्या हातांनी. १९२१ मध्ये तिची मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला ती स्वतः गेली, आणि १९२४ मध्ये ते बायबल पूर्ण छापून आलं. भांडणाऱ्या पंथांच्या मधून तिला जी वाट सापडली ती अशी: संपूर्ण शास्त्र मुळापासून वाचायचं, आणि त्यात जे उघड दिसतं ते हातांनी करायचं. दरम्यान आपलं मतही तिनं बदललं; येशूच्या धर्माशी ओळख झाली होती पण येशू भेटला नव्हता, अशा अर्थाचं तिनं लिहिलं आहे. मत बदललं म्हणून आधीची रमाबाई खोटी होती, असं मला वाटत नाही.

रेव्हरंड टिळकांचंही तसंच. स्वतःचाच एक नवा धर्म मांडायच्या विचारात असलेल्या माणसाला रेल्वेच्या डब्यात कुणीतरी नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी तो थांबला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला. आयुष्याच्या शेवटी त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी. हे वाचलं तेव्हा भावाची आणि माझी ती रात्र मला आठवली.

तर माझं आजचं मत असं. शास्त्र आपल्या मुख्य गोष्टीत लख्ख आहे. देव कसा आहे हे येशूत दिसतं. तो आपल्यासाठी मेला आणि उठला. त्याच्यावर भरवसा ठेवायचा आणि त्याच्यासारखं शेजाऱ्यावर प्रेम करायचं. हे कळायला वही लागत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात शास्त्री सार्वकालिक जीवनाबद्दल विचारतो, तेव्हा येशू त्यालाच उलट विचारतो, की शास्त्रात काय लिहिलंय, तू कसं वाचतोस? शास्त्री बरोबर उत्तर देतो. अडतं ते शेजारी कोण या प्रश्नावर. आणि उत्तरातला शेजारी निघतो शोमरोनी, म्हणजे चुकीच्या डोंगरावर भक्ती करणारा, त्या काळच्या हिशेबानं चुकीच्या पंथाचा माणूस. अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. माझ्या वहीत जातीचं पान नव्हतं, कारण जातीवर पंथांचा वाद नव्हता. सगळे पंथ त्यावर सारखेच गप्प होते. जिथे शास्त्र सगळ्यांत स्पष्ट बोलतं, तिथे आम्ही वाद घालत नाही. ते नुसतं टाळतो.

याचा अर्थ सगळं सारखंच, असं मी म्हणत नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाई विचारते, की भक्तीचा खरा डोंगर कुठला, तुमचा की आमचा? येशू तिला सांगतो, की तारण यहूद्यांमधून आहे, हे तो गिळत नाही. पण लगेच म्हणतो, की खरी भक्ती ना या डोंगरावर ना त्या, ती आत्म्यानं आणि खरेपणानं करायची. मला हे दोन्ही धरायचं आहे. येशू देवाचा पुत्र आहे, हे मी अण्णांपुढेही सांगितलं आणि काकूंपुढेही सांगते. जो पास्टर आजारी माणसाला औषध बंद करायला लावतो किंवा कर्जबाजारी घराकडून आशीर्वादाच्या नावावर पैसे मागतो, त्याला मी तोंडावर चूक म्हणते. पण पाणी किती, वार कोणता, माळ ओढावी की नाही, यावरून मी आता कुणाचं तारण ठरवत नाही. करिंथकरांना लिहिताना खुद्द पौल म्हणतो, की मी तुमच्यापैकी मोजक्यांनाच बाप्तिस्मा दिला हे बरं झालं. ख्रिस्तानं मला सुवार्ता सांगायला पाठवलं. तिथेही लोक 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' म्हणून तट पाडत होते.

बाप्तिस्मा मी पुन्हा घेतलेला नाही, घेणारही नाही. आईनं मला देवाच्या हाती दिलं तो दिवस मला पुरेसा आहे. भावानं घेतला तोही मी खरा मानते. १९७० मध्ये नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केली, तेव्हा तान्ह्या मुलांचा आणि जाणत्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे त्यांनी मान्य केले होते. माझ्याच मंडळीनं हा तोडगा माझ्या लहानपणीच काढून ठेवला होता.

भाऊ अजून माझ्याशी सहमत नाही. त्याला वाटतं मी मऊ झाले. असेल. पण आता तो घरी आला की आम्ही एक पुस्तक घेतो आणि सलग वाचतो. गलतीकरांना लिहिलेलं पत्र एका बैठकीत होतं. पत्रच ते, पौलानं चिडून लिहिलेलं, आणि त्यात तो पेत्राला सगळ्यांदेखत बोलला ते का, तर पेत्र परजातीच्या लोकांच्या पंगतीतून उठून गेला म्हणून. भावानं तिथे पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाला, "ताई, आपल्या गावची पंगतच की ही."

कोपर, दिवा, ठाकुर्लीच्या ज्या तरुण मुलामुलींना आज दारावर, गाडीत, कॉलेजात कुणीतरी एक वचन दाखवून विचारतं, की तुझा बाप्तिस्मा खरा का, तुझी मंडळी खरी का, त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. त्याच दिवशी उत्तर देऊ नका. विचारणाऱ्याचा अपमानही करू नका. एका संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून मार्क पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा, आणि जमलं तर ज्यानं प्रश्न विचारला त्यालाच सोबत बसवून वाचा.